उद्योजकतेचं मास्टर्स: अहमदाबाद की मुंबई? घरचा बेदाण्याचा धंदा आहे

तासगावकर_२५
नमस्कार मंडळी. सांगलीतून मेकॅनिकल केलं, चाकणला नोकरी केली, आता घरी परत आलोय. घरची द्राक्षबाग आहे, बेदाण्याचं शेड आहे आणि थोडा बाहेरचा माल घेऊन ग्रेडिंग करतो. सगळा माल १५ किलोच्या बॉक्समधून सौद्याला जातो. मला पाव-अर्धा किलोची पाकिटं करून स्वतःच्या नावानं विकायचीत. पप्पा म्हणतात, आधी शिकून घे, मग मशीनचं बघू.

तीन ठिकाणं डोक्यात आहेत. गांधीनगरजवळ भाटला ईडीआयआय ही उद्योजकता शिकवणारी संस्था, दोन वर्षं तिथंच राहून. मुंबईच्या एनएमआयएमएसचं उद्योजकता आणि कौटुंबिक व्यवसायातलं एमबीए, तेही पूर्णवेळ. आणि अंधेरीच्या एसपी जैनचा फॅमिली मॅनेज्ड बिझनेस, म्हणजे घरचा धंदा सांभाळणाऱ्यांसाठीचा कोर्स. अमेरिकेतला मावसभाऊ तिकडच्या बॅबसन कॉलेजला ये म्हणतो, पण त्याला डॉलर स्वस्त वाटतात. कुणी हे केलंय का?

फाउंड्रीवाली_काकू
माझ्या धाकट्या दिरानं अंधेरीचा कोर्स केला. महिन्यातला एक आठवडा वर्ग, बाकी दिवस कोल्हापुरात घरच्या फाउंड्रीवर, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात. तिथून काहीतरी काम देऊन पाठवायचे आणि ते घरच्याच आकड्यांवर करायचं असायचं. एकदा त्यानं उधारीची यादी काढली, कुणाकडे किती आणि किती दिवस. सासऱ्यांना एकेक नाव तोंडपाठ, पण सगळ्याची बेरीज कधी कुणी केलीच नव्हती. ती बघून घरात दोन दिवस कुणी नीट बोललं नाही. तिसऱ्या दिवशी दोन जुन्या गिऱ्हाइकांचा माल थांबवला.

तुझ्याबाबतीत मी आधी कॅलेंडर बघेन. फेब्रुवारी ते एप्रिल शेड भरलेलं असणार. डिपिंग करून, म्हणजे द्रावणात बुडवून, जाळीवर टाकलेला माल वाळायला पंधरवडा घेतो, त्यात अवकाळी आला तर ताडपत्री ओढायला घरचं माणूस लागतं. पूर्णवेळ कोर्सला गेलास तर दोन हंगाम पप्पा एकटे. हे चालणार असेल तरच पुढचं बोलू.

जुना_भिडू
काकूंशी सहमत नाही. घरी राहून शिकलास तर घरच्याच सवयीत शिकशील. ज्याला नवा ब्रँड काढायचाय त्यानं दोन वर्षं घराबाहेर पडलेलं बरं. ईडीआयआय १९८३ पासून हेच काम करतंय, आयडीबीआय, आयएफसीआय, आयसीआयसीआय आणि स्टेट बँकेनं मिळून उभी केलेली संस्था आहे. वर्गात धंदेवाल्या घरातली पोरं भेटतील. सुकामेव्याचा घाऊक व्यापारी ज्याचा काका आहे असा एक जरी मित्र झाला तरी पुरे.

मी स्वतः दुसऱ्याच एका कॉलेजातून उद्योजकतेचं एमबीए केलं, नाव घेत नाही. पहिल्या वर्षी बिझनेस प्लॅनच्या स्पर्धा, दुसऱ्या वर्षी सगळे टाय लावून प्लेसमेंटच्या रांगेत. माहितीपत्रकात पगाराचे आकडे ठळक असतील आणि धंदा काढलेल्यांची यादी नसेल, तर तिथला अर्ज भरू नकोस. पाच वर्षांपूर्वीच्या बॅचमधल्या चार जणांचे नंबर माग. देताना टाळाटाळ केली तर काय ते समज.

निवृत्त_शाखाधिकारी
कोणी पैशाचं बोललं नाही म्हणून लिहितो. शैक्षणिक कर्ज साडेसात लाखांपर्यंत तारणाशिवाय मिळू शकतं, त्यावर गेलात की बँक साधारण तारण मागते, म्हणजे घराचा नाहीतर जागेचा उतारा. हप्ता सर्वसाधारणपणे कोर्स संपल्यावर वर्षभरानं सुरू होतो. नोकरी करणाऱ्याला हे सोयीचं. तुमचं मात्र नेमकं तेव्हाच पॅकिंग मशीन आलेलं असेल, दुकानदार ४५ दिवसांची उधारी मागत असेल आणि वरून हा हप्ता. खेळतं भांडवल तिथेच अडकतं. मी अशी प्रकरणं हाताळली आहेत, हुशार मुलं होती.

दुसरं, केंद्र सरकारच्या पीएमएफएमई योजनेत सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगाला ३५ टक्के, कमाल १० लाख अनुदान आहे. तिथे एमबीए विचारत नाहीत. योजना अजून सुरू आहे का, याची जिल्हा कृषी कार्यालयात चौकशी करा. फीचे पैसे आणि मशीनचे पैसे एकाच खिशातून जाणार असतील, तर आधी मशीन आणि सोबत महिन्यातून आठवड्याचा कोर्स, असं माझं मत.

तासगावकर_२५
सगळ्यांचे आभार. भिडू, तुमचा मुद्दा पटतो, पण पप्पांचा गुडघा बघता दोन हंगाम सोडून जाणं जमणार नाही. त्यामुळे भाट आणि एनएमआयएमएस दोन्ही बाजूला. साहेब, उतारा गहाण टाकायचा नाही हे आईनं आधीच सांगितलंय.

काकू, मार्चमधला वर्गाचा आठवडा चुकवून चालतो का, हे दिरांना विचाराल? नाहीतर त्या आठवड्यापुरता शेडवर चुलत्याला बसवावं लागेल, आणि तो फुकट बसणारा नाही.

फाउंड्रीवाली_काकू
रात्री विचारून सांगते. चुलत्याचं मात्र आधी लेखी ठरव.