३०२ च्या स्पीकरमधलं बोबडं भूत

(देवपूर, धुळे. सोसायटीचा ग्रुप)

३०२ काकू: आप्पा, काल परत तेच. कॉम्प्युटर बंद, नातू झोपलेला, अन् स्पीकरमधून कोणी बोबडं बोलतंय. मन्ह्या घरमा कोन बोलस रे भो?

सेक्रेटरी आप्पा: गच्चीवर ५०१ ने तार ताणलीय, तिचाच प्रताप. रविवारच्या मीटिंगला विषय घेतो. काढायलाच लावू.

२०४: माझं वायफायपण त्यामुळेच स्लो आहे.

५०१: काकू, तो मीच. मी हॅम रेडिओवाला आहे, म्हणजे हौसेखातर वायरलेसवर लांबच्या लोकांशी बोलतो. परीक्षा देऊन दूरसंचार विभागाचं लायसन्स घेतलंय. संध्याकाळी ७ मेगाहर्ट्झवर असतो. आम्ही सिंगल साइडबँड नावाच्या खास पद्धतीने आवाज पाठवतो, ते तुमच्या स्पीकरला उलगडत नाही, म्हणून बोबडं वाटतं.
२०४, वायफाय २४०० मेगाहर्ट्झच्या पुढे चालतं हो, माझ्या ७ पासून फार लांब. आधी राउटर फ्रिजमागून काढा.

सेक्रेटरी आप्पा: लायसन्स ठीक, पण त्रास होतोय ना?

५०१: होतोय, आणि मिटवायची जबाबदारी मी घेतो. पण तार काढायच्या आधी एक करून बघू. काकू, मी आत्ता बोलतो. तुम्ही स्पीकरचं बटण पार शून्यावर न्या.

३०२ काकू: शून्यावर नेलं. तरी तेवढंच येतंय.

५०१: मग कॉम्प्युटरकडून येत नाहीये. व्हॉल्यूमच्या पुढे शिरतंय. दोन स्पीकरमधली वायर किती लांब आहे?

३०२ काकू: अरे लांबच लांब. टेबलामागं गुंडाळा पडलाय.

५०१: तोच अँटेना झालाय. वायर माझे सिग्नल पकडते, ते अॅम्प्लिफायरमध्ये जातात आणि तिथला ट्रान्झिस्टर त्यातून आवाज काढतो. रेडिओ नसलेला रेडिओ! माझ्याकडे फेराइटच्या रिंगा आहेत, लॅपटॉपच्या वायरला काळी गाठ असते ना, तसल्या. एक वेढा देऊन ७ मेगाहर्ट्झवर फारसं काही होत नाही. वेढे दुप्पट केले की अडथळा साधारण चौपट होतो, म्हणून पाचसहा वेढे देऊ, तेही अॅम्प्लिफायर असलेल्या डब्याच्या अगदी जवळ. उरलेली वायर आखूड करू. डबा मात्र कोणी उघडू नका, आत २३० व्होल्ट येतात.

१०४ जिभाऊ: माझ्या टेपातून टर्र टर्र टर्र येतं, मग फोन वाजतो. तेही तुझंच का?

५०१: नाही जिभाऊ, ते तुमच्या बटणाच्या फोनचं. टूजी फोन सेकंदाला सुमारे २१७ वेळा झटके देत बोलतो, तेच टेप पकडतो. फोन हातभर लांब ठेवा, बस.

१०४ जिभाऊ: आन् मी टेप भंगारात देणार होतो.

(दुसऱ्या दिवशी)

३०२ काकू: पोरगा काल येऊन सहा वेढे देऊन गेला. रात्री चिडीचूप. काल तू बोलना व्हता का खरंच?

५०१: पाऊण तास बोललो काकू. पूर्ण पॉवरवर.

३०२ काकू: मग ये उद्या. कळण्याची भाकरी अन् ठेचा करते.

सेक्रेटरी आप्पा: तारेचा विषय मीटिंगमधून काढला. २०४, तुमचा मेंटेनन्स अजून बाकी आहे.