सीएसव्ही फाइल डेटाग्रिडव्ह्यूत: माल दिसत नाही, नुसते लेंग्थ आणि रँक

खिळेमोळे:
सी शार्प, विनफॉर्म्स (विंडोजचा डेस्कटॉप प्रोग्राम). सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामाने रकाने वेगळे केलेली साधी टेक्स्ट फाइल, डेटाग्रिडव्ह्यू या पडद्यावरच्या तक्त्यात दाखवायची आहे. फाइलमध्ये पाच रकाने: कोड, नाव, दर, नग, दिनांक. ओळी ८,००० च्या आसपास. रीडऑललाइन्सने वाचलं, प्रत्येक ओळ स्वल्पविरामावर स्प्लिट केली आणि ती लिस्ट ग्रिडच्या डेटासोर्सला दिली. ग्रिडमध्ये लेंग्थ, लाँगलेंग्थ, रँक असले कॉलम येतात, फाइलमधला माल गायब. शिवाय "पाना, १२ मिमी" या नावाचे दोन तुकडे होऊन पुढचं सगळं एक रकाना सरकतं. डेटाबेस नकोय, फाइलच ठेवायची आहे.

रात्रपाळी:
ग्रिड वस्तूच्या पब्लिक प्रॉपर्टी बघून कॉलम बनवते. तुमची वस्तू स्ट्रिंगचा ॲरे, त्याच्या प्रॉपर्टी ह्याच. ती बिचारी बरोबर वागतेय.

डेटाटेबल (मेमरीतलं टेबल) घ्या. कॉलम आधी आणि टाइपसकट: दर डेसिमल, नग इंट, दिनांक डेटटाइम. टेबलात डेटा गेला की टाइप बदलता येत नाही. सगळंच स्ट्रिंग ठेवलंत तर सॉर्ट केल्यावर ९ च्या आधी १० येईल. कोड मात्र स्ट्रिंगच, नाहीतर ००४१७ चं ४१७ होतं.

स्प्लिट सोडा, टेक्स्टफील्डपार्सर हा अशा फाइली वाचणारा तयार क्लास घ्या. व्हिज्युअल बेसिकच्या नेमस्पेसमध्ये असला तरी सी शार्पमधून चालतो. जुन्या डॉटनेट फ्रेमवर्कात तेवढा रेफरन्स जोडा. नाव दुहेरी अवतरणात असेल तर आतला स्वल्पविराम तो सांभाळतो. अवतरण बिघडलेली ओळ आली की मालफॉर्म्डलाइनएक्सेप्शन येतं. तिथे पार्सरचा एररलाइननंबर लॉगमध्ये टाका, ओळ गुपचूप गिळू नका.

दर रिकामा असेल तर टेबलात डीबीनल ("किंमत नाही" ही खूण) टाका. तारखेला पार्सएक्झॅक्टच (आपण दिलेल्या फॉरमॅटनेच वाचतं), नाहीतर अमेरिकन सेटिंगच्या मशीनवर ५ मार्चचं ३ मे होईल. फॉरमॅटमध्ये महिन्याचा एम कॅपिटल. छोटा एम म्हणजे मिनिटं.

टेबल पूर्ण भरून झाल्यावरच बाइंडिंगसोर्सला (टेबल आणि ग्रिडमधला दुवा) आणि तो ग्रिडला जोडा. कॉलमच्या रुंदीचं ऑटोसाइझ ऑलसेल्सवर ठेवू नका, प्रत्येक ओळ मोजत बसते. डिस्प्लेडसेल्स (फक्त दिसणाऱ्या ओळी) पुरे.

सटरफटर:
ओएलईडीबीचा (डेटाबेससारखी क्वेरी लिहून डेटा वाचायची सोय) टेक्स्ट ड्रायव्हर का नको? एका सिलेक्टमध्ये टेबल भरतं. डेटा सोर्समध्ये फोल्डर द्यायचं, फाइलचं नाव क्वेरीत.

रात्रपाळी:
चालतं, पण तो सुरुवातीच्या ओळी बघून टाइपचा अंदाज बांधतो. वर सगळे आकडे आणि खाली कुठेतरी "१२ए" कोड असला, की ते घर रिकामं येतं, एरर नाही. त्याच फोल्डरमध्ये स्कीमा.आयएनआय ही सेटिंगची फाइल ठेवून टाइप लिहून दिले तरच भरवसा. आणि त्यामागचं जेट इंजिन फक्त ३२ बिट प्रोग्राममध्ये चालतं.

खिळेमोळे:
पार्सरने माल दिसला. पण मराठी नावांच्या जागी ????, आणि ग्रिडमध्ये बदललेला दर पुन्हा उघडल्यावर जुनाच.

रात्रपाळी:
फाइल नोटपॅडमध्ये उघडा. तिथेही प्रश्नचिन्हंच असतील तर एक्सेलमधून साध्या सीएसव्हीत सेव्ह करतानाच अक्षरं गेली, ती आता परत येत नाहीत. मूळ शीटवरून सीएसव्ही यूटीएफ-८ हा पर्याय निवडून पुन्हा काढा.

बदल टेबलापर्यंतच जातो, फाइल तुम्हीच लिहायची. टूलबारचं बटण फोकस घेत नाही, त्यामुळे टाइप करत असलेलं घर अर्धवट राहतं. म्हणून सेव्हच्या आधी फॉर्मचं व्हॅलिडेट, मग बाइंडिंगसोर्सचं एंडएडिट बोलवा, म्हणजे अर्धवट बदल टेबलात पक्का होतो. डिलीट केलेल्या ओळी रोस्टेट (ओळीची स्थिती) बघून वगळा, त्यांचं घर वाचायला गेलात की एक्सेप्शन. नावातलं दुहेरी अवतरण दोनदा लिहा. एन्कोडिंग बीओएमसकट (फाइलच्या सुरुवातीची एन्कोडिंगची खूण) यूटीएफ-८ ठेवा, म्हणजे एक्सेलमध्ये डबल क्लिक करूनही मराठी नीट उघडेल. आधी वेगळ्या नावाने लिहून मग फाइल.रिप्लेसने जुनीच्या जागी बसवा, मध्येच वीज गेली तरी जुनी फाइल शाबूत.