निवृत्तीचं सरप्राइज आणि कलाकाराचे कान : तुमच्याकडे काय झालं?

बाबा वीज कंपनीत इंजिनिअर. उभी नोकरी 132 केव्हीच्या उपकेंद्रात आणि संध्याकाळी पेटी. जन्मतारीख 1 जून, अर्थातच गुरुजींनी शाळेत लावलेली. त्यामुळे निवृत्ती 31 मेला. त्यांच्या ऑफिसातून त्या दिवशी तिघं निवृत्त झाले, तिघांचीही तारीख तीच!

ऑफिसात शाल-श्रीफळ, भिंतीवरचं घड्याळ वगैरे उरकलं. खरा बेत घरी होता. गच्चीवर भजनी मंडळ लपवलेलं, पेटीही आधीच वर नेलेली, आणि तिच्या जागी रिकाम्या खोक्यावर नेहमीचं कापड. बाबा जिना चढता चढता तिसऱ्या मजल्यावर थबकले. वर कुणीतरी हळूच सूर लावून बघितला होता. "ही माझी पेटी आहे. मंद्र धैवत चिरकतोय. कोण बसलंय तिच्यावर?"

झालं, संपलं सरप्राइज. हा माणूस ट्रान्सफॉर्मरची घरघर ऐकून पेटीवरचा सूर सांगायचा, 'पांढरी पाचच्या जरा वर'. (बरोबरच आहे ते. वीज 50 हर्ट्‌झची, ट्रान्सफॉर्मर घुमतो दुपटीनं, म्हणजे 100ला. पांढरी पाच येते 98ला.) याच्यापासून काय लपवणार, कपाळ!

कुणाला जमलंय का? लिहा.

टूलरूमवाला, पिंपरी

आमचे फोरमन तबलजी. आम्ही भंगारातल्या पितळेची हातोडी लेथवर काढली आणि शिसवीचे आठ गठ्ठे (तबल्याच्या वाद्यांखालचे लाकडी ठोकळे) एका मापात घेतले. दोन महिने जेवणाच्या सुट्टीत चोरून काम चाललं होतं. निरोपाच्या दिवशी भेटीचं खोकं उघडलं, साहेब दोन मिनिटं काही बोलेनात. आम्हाला वाटलं, भरून आलं. मग त्यांनी खिशातून व्हर्नियर काढला आणि स्टेजवरच एकेक गठ्ठा मोजायला लागले. "सातवा 0.2 कमी आहे. कुणी केला?"

मी केला होता. अजून तोच बसवलाय त्यांनी डग्ग्याला. तबल्याला नाही, हे मुद्दाम सांगतात.

एक सून, नाशिक

सासूबाई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये. 31 जानेवारी 2020ची बीएसएनएलमधली ती मोठी स्वेच्छानिवृत्ती आठवत असेल, देशभरात एका दिवसात 78 हजारांवर माणसं बाहेर पडली. निम्मं ऑफिसच निघालेलं, तिथे कोण कुणाला निरोप देणार? एक ग्रुप फोटो आणि सामोसे.

म्हणून दुसऱ्या दिवशी, शनिवारी, आम्ही त्यांच्या गाण्याच्या बाईंना घरी आणलं. वय 80च्या पुढे. शिफ्ट ड्यूटीमुळे सासूबाईंचं शिकणं 19 वर्षांपूर्वी सुटलं होतं. दारात बाईंना बघून त्या ताटासकट उभ्याच राहिल्या. बाईंनी ना अभिनंदन केलं ना काही. म्हणाल्या, "आता शिफ्टचं कारण नाही. सोमवारी आठला ये."

दोन महिने जेमतेम झाले आणि लॉकडाऊन लागला. मग फोनवर तालीम. इकडून गाणं, तिकडून ठेका, दोन्ही कधी जुळेचनात. बाई ओरडायच्या, "लय सोडतेस!" आणि सासूबाई शांतपणे, "बाई, मी नाही, लाइन सोडतेय. आवाज पोचायला वेळ लागतो." जन्मभर ग्राहकांना समजावलं तेच.

छत्रपती संभाजीनगरहून

थोडं वेगळं मत. माझे दीर व्हायोलिन वाजवतात, नोकरी पाणीपुरवठ्यात. सहकाऱ्यांनी मोठ्या प्रेमानं सरप्राइज दिलं : कराओके. सव्वादोन तास. त्यांनी एकदाही चेहरा वाकडा केला नाही, फक्त मधे पाणी प्यायला म्हणून उठले ते थेट पार्किंगमध्ये सापडले. वाजवणाऱ्या माणसाला गाणं ऐकवायचं असेल तर आधी त्याला विचारा हो! सरप्राइज जेवणात द्या.

मीच तो निवृत्त

महिन्यापूर्वी सॉफ्टवेअरमधून सुटलो. 30 वर्षं कोड आणि गाणं, दोन्ही रात्रीच. बायकोनं सगळं गुप्त ठेवलं होतं. पण तिनं ठरवलेल्या तबलजीनं तीन आठवडे आधी मलाच फोन केला, "काका, पट्टी काळी एकच ना? तबला त्याप्रमाणे आणतो." मी हो म्हटलं, आणि कुणाला बोलू नकोस म्हटलं. मग रोज आंघोळीच्या वेळी दार लावून भीमपलास घोटला.

त्या दिवशी दिवे लागल्यावर तोंडावर हात नेऊन असा दचकलो, की मुलीनं पाणी आणलं. बायको हे वाचत नाही, या भरवशावर लिहितोय.