मदत हवी आहे : समुपदेशनाच्या सत्राची फी किती ठेवावी?

मृद्गंध_२१
मी स्वतंत्रपणे समुपदेशन करते आणि एका सत्राचे ८०० रुपये घेते. याच भागातील एक सहव्यावसायिक १,५०० घेतात. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी निम्मे लोक पहिल्याच भेटीत ‘काही कमी होईल का’ असे विचारतात, आणि समोरची व्यक्ती आधीच खचलेली असताना नाही म्हणणे मला जमत नाही. मग कोणी ५०० देते, कोणी ३००. सोमवारपासून नवा दर लावायचा आहे. कृपया नेमका आकडा सुचवावा; ‘मनाला विचारा’ छापाचे सल्ले नकोत.

हिशेबनीस
शहर कोणते, जागा भाड्याची की घरची, आठवड्याला सत्रे किती, यांपैकी काहीच तुम्ही लिहिलेले नाही. तुमची आरसीआय (भारतीय पुनर्वास परिषद) नोंदणी आहे का? ती असल्याशिवाय ‘क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट’ म्हणवून घेता येत नाही, आणि ते सहव्यावसायिक नोंदणीकृत असतील तर त्यांच्या दराशी तुलना करण्यात अर्थ नाही.

पार्लेकर
मी २,००० घेतो आणि कोणालाही सवलत देत नाही. पैसे मोजले की माणूस वेळेवर येतो आणि सत्राचे गांभीर्यही ओळखतो. ठरलेला तास रुग्णाचा असतो व तो आला नाही तरी त्याचे पैसे त्यानेच द्यावेत, असे मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइड याने १९१३ सालीच लिहून ठेवले आहे. त्याने सुमारे दहा वर्षे रोज एखादा तास विनामूल्य दिला होता, आणि फुकट उपचारात अडथळेच वाढतात या निष्कर्षावर तो आला.

उंबरठा
पार्लेकर, अर्धाच फ्रॉइड सांगू नका. १९१८ मध्ये बुडापेस्टच्या भाषणात त्यानेच गरिबांसाठी मोफत मानसोपचाराची बाजू मांडली आणि १९२० मध्ये बर्लिनला त्याच्या सहकाऱ्यांनी तसे केंद्र उघडले. शिवाय २,००० रुपये देऊ शकणारे लोक तुमच्याकडे येतात, यावरून न देऊ शकणारे गंभीर नसतात हे सिद्ध होत नाही.

करसेवा
वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेल, तर सेवा देणाऱ्यांना सर्वसाधारणपणे जीएसटी नोंदणी लागत नाही. तरी पावत्या क्रमांकानुसार जपून ठेवाव्यात.

मृद्गंध_२१
जीएसटीबद्दल मी विचारलेले नाही, आणि फ्रॉइडच्या वादातून माझे भाडे निघणार नाही. मी नाशिकची आहे, मानसशास्त्रात एम.ए. केले आहे, आरसीआय नोंदणी नाही. खोलीचे भाडे ९,००० आणि सुपरव्हिजनचे (अनुभवी समुपदेशकाकडून माझ्या कामावर मार्गदर्शन घेण्याचे) महिन्याला ३,००० जातात. आठवड्याला बारा-तेरा सत्रे ठरतात, त्यांतील दोन-तीन ऐनवेळी रद्द होतात.

हिशेबनीस
हे आधीच लिहिले असते तर बरे झाले असते. प्रत्यक्षात महिन्याला चाळीसच सत्रे होतात असे धरू. सवलतींमुळे सरासरी ६०० पडत असतील, तर २४,००० जमा होतात आणि १२,००० खर्च वजा जाता हाती १२,००० उरतात. त्यात टिपणे लिहिण्याचा वेळ कुठेच धरलेला नाही. माझ्या मते दर १,२०० करावा आणि आठवड्याला दोनच जागा ४०० रुपयांच्या ठेवाव्यात. महिन्याला बत्तीस सत्रांचे ३८,४०० आणि आठ सत्रांचे ३,२०० मिळून ४१,६०० होतील. खर्च जाऊन २९,६०० उरतील. त्या दोन जागा भरल्या की ‘सध्या सवलतीची जागा नाही’ एवढे सांगता येते, आणि तो निर्णय समोरच्याचा चेहरा पाहून घ्यावा लागत नाही. ज्यांना तेही परवडत नाही त्यांना टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक द्यावा. सत्राच्या आधीच्या चोवीस तासांत रद्द केल्यास निम्मी फी, हे पहिल्या भेटीतच लेखी द्यावे.

पार्लेकर
निम्मी का? पूर्ण घ्यावी. तो तास दुसऱ्या कोणाला देता येतो का?

उंबरठा
ज्याला नैराश्यामुळे सकाळी अंथरुणातून उठताच आले नाही, त्याच्याकडून पूर्ण फी घेतली तर पुढच्या आठवड्यात तो येणारच नाही. निम्मीसुद्धा पहिल्या वेळी माफ असावी.

मृद्गंध_२१
१,२०० चा आकडा पटतो. सोमवारपासून नव्यांना तोच सांगेन. ३०० देणाऱ्या तिघी जुन्या आहेत. त्यांचे काय करावे? दोघी पंधरा दिवसांनी येतात, एक दर आठवड्याला.

हिशेबनीस
मग दोघींना एकाआड एक आठवडा एकाच जागेत बसवा आणि तिसरीला दुसरी जागा द्या. ४०० चा दर त्यांना तीन महिन्यांनी लागू होईल, हे आत्ताच कळवा. त्यांतील एकीचे काम संपेपर्यंत मात्र नवी सवलत कोणालाही नाही.