शब्दचर्चा : इश्यू 'मेन्शन' केला, 'लिंक' केला, 'क्लोज' केला

मूळ प्रश्न (आर्वी, जि. वर्धा)

इथल्या कॉलेजातल्या पोरांसाठी गिटहबची (कोड ठेवून मिळून काम करायची वेबसाइट) मराठी टिपणं लिहून राहिलो आहे. इश्यू (चुकीची किंवा कामाची नोंद), कमिट (कोडमधला जतन केलेला बदल), पुल रिक्वेस्ट ('माझे बदल कोडमध्ये घ्या' ही विनंती) हे शब्द तसेच ठेवले. ते बदलायची हौस नाही. अडलं ते क्रियापदांपाशी. पुल रिक्वेस्टच्या वर्णनात एक जण नुसतं '#१२' (इश्यूचा क्रमांक) लिहितो, दुसरा 'फिक्सेस #१२' लिहितो, तिसरा उजवीकडच्या 'डेव्हलपमेंट' खान्यातून इश्यू निवडतो. पोरं तिन्हींना 'लिंक केलं सर' म्हणतात, आणि मग इश्यू बंद काहून नाही झाला म्हणून विचारतात. तिन्हींना वेगळे मराठी शब्द द्यावेत का?

प्रतिसाद (पुणे, मूळचा दारव्ह्याचा)

तीन नकोत, दोन पुरेत. नुसतं '#१२' म्हणजे उल्लेख. त्याने फक्त वाट तयार होते : क्रमांकावर टिचकी मारली की इश्यू उघडतो, आणि इश्यूच्या घटनाक्रमात 'अमक्याने इथे उल्लेख केला' अशी ओळ आपोआप उमटते. इश्यूच्या स्थितीला धक्का लागत नाही.

'फिक्सेस' लिहिणं आणि खान्यातून निवडणं, दोन्हींना जोडणी म्हणा. परिणाम एकच : पुल रिक्वेस्ट मुख्य शाखेत (कोडच्या मुख्य प्रतीत) विलीन झाली की इश्यू बंद. 'क्लोज', 'फिक्स', 'रिझॉल्व्ह' आणि त्यांची रूपं धरून असे नऊ शब्द गिटहब ओळखतं. 'दुरुस्त #१२' असं मराठीत लिहिलं तर तो उल्लेखच राहतो. पुल रिक्वेस्ट मुख्य शाखा सोडून दुसऱ्याच शाखेसाठी असेल तर हे शब्द लिहूनही जोडणी होत नाही. तुमच्या पोरांचं बहुतेक इथेच अडत असेल. दोन इश्यू असतील तर शब्दही दोनदा लिहावा लागतो. 'फिक्सेस #१२, #१५' लिहिलं तर १५ उघडाच राहतो.

प्रतिसाद (पटवारी, यवतमाळ जिल्हा)

मले कोडमधलं काही समजत नाही, पण तुमचा घोळ आमच्या दप्तरात रोज होते. लोक म्हणतात 'फेरफार घेतला, म्हणजे सातबारा झाला'. नाही होत बाप्पा. नमुना ६ मध्ये, म्हंजे फेरफाराच्या वहीत, नोंद घेतली, नोटीस काढली, पंधरा दिवस हरकतीची वाट पाहिली, मग मंडळ अधिकाऱ्यानं नोंद प्रमाणित केली, तवा सातबाऱ्यावर नाव चढते, आन् त्या नावापाशी फेरफार क्रमांक येते. म्हणून आमी 'नोंद घेतली' आन् 'नोंद प्रमाणित झाली' हे कधी एक करत नाही. तुमी बी करू नका. कोणी हरकत घेतली तर ते प्रकरण ६अ मध्ये जाते, त्याची वही वेगळी.

मूळ प्रश्नकर्ता

पटवारी भाऊ, हे तर टिपणात जसंच्या तसं घालतो. 'जोडणी केली' ही नोंद, 'विलीन झाली' हे प्रमाणित होणं. फरक एवढाच की तुमच्याकडे तक्रारीची वही वेगळी, आणि गिटहबवर एका रिपॉझिटरीतले (एका प्रकल्पाच्या कोडच्या साठ्यातले) इश्यू आणि पुल रिक्वेस्ट एकाच क्रमाने मोजले जातात. १२ हा इश्यू असेल तर पुल रिक्वेस्ट १२ असूच शकत नाही. म्हणून '#१२' ला पुढे-मागे काही लावावं लागत नाही. गिटलॅबवर (गिटहबसारखीच दुसरी वेबसाइट) दोघांची मोजणी वेगळी. तिथे इश्यूला '#' आणि मर्ज रिक्वेस्टला (तिथली पुल रिक्वेस्ट) '!' लावतात.

प्रतिसाद (नागपूर, शासकीय कार्यालय)

'उल्लेख'पेक्षा 'संदर्भ' बरा. प्रत्येक पत्राच्या माथ्यावर 'संदर्भ : आपले पत्र क्र.' असतंच, खेड्यातल्या माणसालाही तो ओळखीचा.

'क्लोज'ला मात्र एकच शब्द पुरणार नाही. इश्यू बंद करताना गिटहबवर कारण निवडता येतं, त्यातली दोन मुख्य : काम झालं, की करायचं नाही असं ठरलं. आमच्याकडे पहिल्याला 'निकाली काढलं' म्हणतात, दुसऱ्याला 'दप्तरी दाखल'. दोन्ही तयार शब्द आहेत, वापरा.

प्रतिसाद (पुणे, मूळचा दारव्ह्याचा)

'दप्तरी दाखल' एक नंबर! पण 'संदर्भ'ला माझा विरोध. पत्रातला संदर्भ एकाच बाजूने असतो. जुन्या पत्राला पत्ताच नसतो की नव्या पत्रात आपलं नाव आलं. इथे दोन्ही टोकांना खूण पडते. शिवाय 'याने माझा उल्लेख केला' हे पोरं बोलतातच. दुसऱ्या रिपॉझिटरीतल्या इश्यूलाही मालकाचं नाव, तिरपी रेघ, रिपॉझिटरीचं नाव आणि पुढे #१२ असं लिहून उल्लेख करता येतो. तिथेही हाच शब्द चालेल. फक्त लिहिणारी रिपॉझिटरी खासगी असेल तर समोरच्या इश्यूवरची खूण त्या खासगी रिपॉझिटरीत प्रवेश असणाऱ्यांनाच दिसते.

मूळ प्रश्नकर्ता

ठीक, मग टिपणात असं ठेवतो : उल्लेख करणे, जोडणे, निकाली निघणे, दप्तरी दाखल करणे. 'निघणे' मुद्दाम, कारण जोडलेला इश्यू विलीनीकरणाने आपोआप बंद होतो, कोणी हाताने काढत नाही.

प्रतिसाद (पुणे, मूळचा दारव्ह्याचा)

एक गोष्ट टिपणात घाला, शब्दाशी संबंध नसला तरी. एडिटरमध्ये कमिटचा संदेश लिहिताना ओळ '#' ने सुरू केली तर गिट (कोडमधले बदल नोंदवणारं सॉफ्टवेअर) तिला टिप्पणी समजून गाळून टाकतं. '#१२ दुरुस्त' लिहिणाऱ्याची ती ओळच गायब होते. आधी शब्द, मग क्रमांक.