मदत हवी आहे: कोल्डप्लेच्या कार्यक्रमातील मनगटी पट्ट्यांचे काय करावे?

नमस्कार. नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर जानेवारी २०२५ मध्ये झालेल्या कोल्डप्ले या ब्रिटिश बँडच्या तीन कार्यक्रमांपैकी २१ तारखेच्या कार्यक्रमास मी मुलीसह गेलो होतो. गाण्याबरोबर उजळणारे मनगटी पट्टे बाहेर पडताना परत करायचे असतात, कारण बँड ते पुढील कार्यक्रमांत पुन्हा वापरतो. कोणत्या शहराने किती टक्के पट्टे परत केले, हेही पडद्यावर दाखवतात. गर्दीच्या रेट्यात आमचे दोन्ही पट्टे मात्र घरी आले (मुलीला याचे फारसे दुःख नाही!). ते आता परत पाठवण्याची काही सोय आहे का? नसल्यास, आत बॅटरी असल्याने ते ई-कचऱ्यात द्यावेत का? कोणी असे केले असल्यास कृपया सविस्तर कळवावे.