रंगावरून कॅटफिशची जात ठरवणं अवघड आहे

कॅटफिशच्या (मिशावाल्या माशाच्या) अंगावर ठिपके वेगळे दिसले तर ती नवी जात का म्हणू नये, असं विचारलंत म्हणून लिहितोय. अहो, नमुना टिकवायला फॉर्मलिन नि अल्कोहोलमध्ये ठेवला की माशाचा रंग हळूहळू उडतो, आणि कॅटफिशला खवले नसतात, म्हणजे इतर माशांसारखे खवले मोजायचीही सोय नाही, मग उरतात मिशांच्या जोड्या, पाठीवरचा मांसल पर (पोहण्याचा अवयव) केवढा लांब, मणके किती, आणि हाडं.

मला सगळ्यात भारी वाटतो तो छातीच्या पराचा काटा. त्याच्या कडेला करवतीसारखे दाते असतात, ते भिंगाखाली मोजायचे, पुढच्या कडेला आहेत की फक्त मागच्या, टोक कुठे वळलंय वगैरे. पण एकाच माशावर भरवसा नको, वयाप्रमाणे हे दाते बदलतात.

लहान माशाचं मांस एन्झाइमने पारदर्शक करून हाड अलिझरिन नावाच्या रंगाने लाल नि कूर्चा निळी रंगवतात, बरणीत दिसतं फार सुंदर! हल्ली सीटी स्कॅन असल्यामुळे नमुना कापावा लागत नाही. केरळच्या विहिरीतला क्रिप्टोग्लॅनिस हा कॅटफिश बघा, २०११ मध्ये नोंदवला, पाठीवर परच नाही, पुढे सांगाडा नीट पाहिल्यावर त्याला वेगळं कुळच द्यावं लागलं.

डीएनए हवाच, पण त्यात फरक दिसला तरी मी आधी कवटी बघेन.